काळी चार

मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणं
म्हणजे नागपुरात पाहुण्यानं
घरधन्याचं ताट उचलून नेणं.
करुणाबाई गायधने म्हणाल्या, कर बंद.
रात्रीचे दोन. मोहननगर.
पंखा बंद, फ्रिजची वायर काढलेली,
भिंतीवरलं घड्याळ उशीखाली दाबलं,
तरी ते बोलतच राहिलं,
मग मोरीत नेऊन ठेवलं.

बाहेरून ट्रंक. कडीला गंज.
उघडली की घडीचे पाय, दोन पायटे, चार सप्तकं.
वडील ती सायकलच्या कॅरिअरला बांधून
उमरेडकडच्या खेड्यांत उपासनेला न्यायचे.
"पंक्चर झालं की तिथंच, बाभळीखाली,
उघडून वाजवत बसायचे.
गुराखी जमायचे.
पंक्चर कोणीतरी काढून द्यायचं."

एक माइक भात्याशी, एक खांद्यापाशी.
एकोणपन्नास पट्ट्या, प्रत्येक तीनदा:
हलकी, मधली, भरून.
स्वर पुरता विझेस्तोवर हलायचं नाही.
भाता मात्र बाईंशिवाय कोणाचं ऐकत नव्हता.
डावा पायटा अर्धाच दाबायचा,
उजव्याला थोडा वेळ द्यायचा.
मी दाबला तर नुसता दमा.
म्हणून पाय त्यांचे, बोट माझं,
घाम दोघांचा.
इटारसीकडून मालगाडी आली की थांबायचं,
डबे मोजायचे,
पुन्हा तीच पट्टी.

मधल्या सप्तकात काळी चार दाबली
आणि नुसतं लाकूड वाजलं.

"तो नाही तिथं," बाई म्हणाल्या.
"म्हणजे आहे. समोर राहतो."

समोर म्हणजे निखाऱ्यांकडे.
त्यांच्या भजनी मंडळाच्या पेटीची एक पत्ती
ऐन सप्ताहात तुटली होती.
बाईंच्या वडिलांनी इथली काढून
रुमालात गुंडाळून गल्ली ओलांडली.
थोरले निखारे लोकोशेडात फिटर,
कानशीनं घासघासून बसवली त्यांनी.
"वापस मांगा ना, असं मी म्हटलं की बाबा म्हणत,
काऊन? ऐकू तर येऊन राहिलं."

तसं संगणकाला काही अवघड नसतं.
शेजारचा स्वर जरा ताणला
की रिकामी जागा भरते, कळतही नाही.
मी तेच करणार होतो.
पण सकाळ झाली, दार उघडं होतं,
आणि हातात माइक होताच.

सुखदेव निखाऱ्यांनी पेटीवरचे इस्त्रीचे कपडे
पलंगावर हलवले.
ऑर्गन श्वास आत ओढतो,
पेटी बाहेर सोडते.
पत्ती तीच,
पन्नास वर्षं उसासे टाकून
जराशी घोगरी, किंचित उतरलेली.
तीनदा वाजवली.
तिसऱ्यांदा आतून फोडणीचा आवाज आला.
तोच ठेवला मी.

आता हे सगळं एका फोल्डरात मावतं.
ट्रंक लागत नाही, सायकल लागत नाही.
पायट्यांच्या करकरीसाठी एक वेगळं बटण केलंय,
नाव दिलंय 'पाय',
सुरुवातीला ते शून्यावर असतं.
कुठलासा मुलगा कुठल्याशा एसी खोलीत
बोटांनी उपासना वाजवतो, सिनेमा वाजवतो,
आणि काळी चारवर आला की
खोली बदलते.
भिंत जवळ येते, मोहरी तडतडते.
एकानं लिहिलं, हा स्वर सदोष आहे, दुरुस्त करा.
मी उत्तर अर्धं लिहून ठेवलंय.

काल करुणाबाईंच्या कानांना हेडफोन लावला.
डोळे मिटून ऐकत होत्या.
खुर्चीखाली त्यांची पावलं हवेत
खालीवर व्हायला लागली,
डावं अर्धंच.
दोन मिनिटांनी हेडफोन काढला.
"बंद कर बाबा," म्हणाल्या,
"पाय भरून आले.
आणि तो कूलर लाव आता."