मोकळा दिवस

अथेन्स, दिवस पाचवा : मोकळा.
टूरवाल्याच्या कागदावर एवढंच छापलेलं.
बाकी नऊ दिवसांत शिंकायला जागा नाही
आणि मध्येच हा एक,
जनरल वॉर्डात चुकून रिकामी राहिलेली खाट जशी.

मे महिना, दुपारचे दोन, परभणी, स्टेशन रोड.
झेरॉक्स, पॅन कार्ड, रेल्वे-विमान बुकिंग.
कूलर नुसता आवाज करायला ठेवलेला.
तिघी आल्या, छत्र्या मिटत :
गिराम सिस्टर, मार्था सिस्टर, खैरुन्निसा आपा.
सिव्हिलमध्ये चौतीस वर्षं
एकमेकींच्या नाइट ड्यूट्या केलेल्या.

"त्या दिवशी सगळे बाजार करायला जातेत म्हणे.
आमाला बाजार नको बाप्पा.
एखादं बेट बघ. जवळचं.
सकाळी जाऊन सांजच्याला परत,
आपण जिंतूरला जातो तसं."

समुद्र मी पाहिलेला नाही,
पण वेळापत्रक कुठलंही असो, वाचता येतं मला.
हॉटेलपासून मेट्रो, शेवटचं स्टेशन पिरेअस,
बंदरावर मनमाड जंक्शनसारखी पळापळ,
तिथून बोट :
पाऊण तासाची महाग, सव्वा तासाची स्वस्त.
"सव्वा तासाची," मार्था सिस्टर म्हणाल्या,
"पैशासाठी नाही.
घाईनं सलाईन सोडलं की हात सुजतो."

बेट एजिना. पिस्त्याच्या बागा आहेत, मी सांगितलं.
आपा म्हणाल्या, "हाय अल्ला, पिस्ता झाडाला लागतो?
मला वाटायचं, बर्फीवरच उगवतो."

मग मी कामाला लागलो.
डोंगरावर जुनं देऊळ, बस जाते. साडेदहा.
"चर्च आहे का?" मठ आहे. बारा.
म्युझियम. एक. मासळीचं जेवण. दोन.
"पोहता येतं?"
येतं.
"आपल्याला कुठं येतंय," तिघी हसल्या,
तरी मी टाकलं, साडेतीन.
पान भरलं. मला बरं वाटलं.

मार्था सिस्टरनी चष्मा पुसून वाचलं
आणि कागद उलटा ठेवला.
"पोरा, हा तर राउंड झाला."

थोडा वेळ कूलरच बोलत होता.
मग गिराम सिस्टर, कुणाकडे न बघता :
"होडीत मी एकदाच बसले.
गंगाखेडला.
मांडीवर बापाचं मडकं होतं, लाल फडक्यात.
नावाडी म्हणायचा, घट धरा बाई.
मी पाण्याकडे बघितलंच नाही,
मडक्याकडेच बघत होते. जाताना.
येताना तर डोळेच...
या वेळी मांडीवर काही नको.
पर्ससुद्धा नको. पर्स तू धर, खैरू."
"धरते की," आपा म्हणाल्या.

मी देऊळ खोडलं. मठ खोडला,
मार्था सिस्टर काही बोलल्या नाहीत.
म्युझियम तर माझंच होतं, आधी तेच जायला हवं होतं.
जेवण राहिलं, वेळ काढून टाकली.
साडेनऊला बेटावर उतरणे.
खाली कोरं, कोरं, कोरं,
आणि तळाशी साडेसहा, परतीची बोट.

प्रिंट काढली. दहा रुपये.
आपांनी पाचचं नाणं काउंटरवर ठेवलं :
"अर्धं पान तर रिकामंच आहे."
मी घेतलं.

छत्र्या उघडून त्या पायरीवर गेल्या होत्या,
आपा तेवढ्या परत आल्या.
"ती साडेसहाची बोट. शेवटची का?"
शेवटची नाही आपा. नंतर आठला आहे एक.
"अन् तीही सुटली तर?"
आवाजात काळजी नव्हती. दुसरंच काही होतं,
मला नाव सुचेना त्याचं.
मग सकाळी, मी म्हणालो, सातच्या आसपास.

"लिहून दे ना तेवढं.
कोपऱ्यात लिही.
पेन्सिलनं."