इतर

फॉर्मवर सात रकाने होते:
दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, ट्रक, सायकल,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा 'इतर'.

मे महिना. सेव्हन लव्हज चौक.
सकाळी आठ ते दहा, मार्केट यार्डाकडून येणारी बाजू माझी.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
गळ्यात कार्ड: उज्ज्वला खुडे, उन्हाळी वर्ग, वाहतूक.
फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा,
चोरी करताना पकडल्यासारखा.

पंधरा दिवसांचा वर्ग. रोज ताक आणि बसचा पास.
खरं सांगायचं तर मी पासासाठी आले.

पहिल्या दिवशी स्वारगेटच्या डेपोत नेलं.
जिच्या दारात इतकी वर्षं लोंबकळले
तिचं पोट खड्ड्यात उतरून खालून बघितलं.
निलोफरच्या ओढणीवर ग्रीस ठिबकलं,
अम्मी मारेल, म्हणाली, आणि अजून पुढे सरकली.
सुमेधला ऐकू येत नाही.
त्यानं इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवला, डोळे मिटले,
मग दोन बोटं दाखवली.
उगीच काहीतरी, फोरमन म्हणाले.
उघडून बघितलं तर दुसऱ्या नंबरचा प्लग गेलेला.
फोरमननी त्याला स्वतःचा चहा दिला. अर्धा नाही, अख्खा.

रेवण वडारवाडीचा.
फळ्यावर रस्त्याचे थर काढले होते,
मुरूम, जाड खडी, बारीक खडी, डांबर.
मॅडम, ही मधली माझ्या आज्यानं फोडलीय, तो म्हणाला.
कुर्तडीकर मॅडम खडू धरून जरा वेळ तशाच उभ्या.
मग म्हणाल्या, ये, रस्त्याचा ढाळ तू काढ.
त्याला भागाकार येत नव्हता.
आता येतो. बहुतेक येतो.

मेट्रोच्या नियंत्रण कक्षात थंडी वाजली.
काचेपलीकडे एक बाई, केसात अबोली, समोर हिरवे ठिपके.
एखादा ठिपका अडला की ती हळू आवाजात काही बोलायची
आणि तो निघायचा.
आमच्या वस्तीत टँकर येतो तेव्हा
हिला आणून बसवायला हवं.

तर, सेव्हन लव्हज.
नऊ वाजून दहा मिनिटं.
दोन ट्रकांच्या मधून एक ढकलगाडी आली.
प्लास्टिकची दोन पोती, वर पुठ्ठे,
पुढचं चाक डावीकडे ओढणारं.
आधी चाक ओळखलं. मग बाई.
आईनं मला बघितलं नाही.
ती सिग्नलकडे बघत होती.
सिग्नल वीस सेकंदांचा.
तिला पलीकडे जायला एकतीस लागले.
दुसरं काही सुचेना, म्हणून मोजत राहिले.
शेवटच्या अकरा सेकंदांत
चौकातला प्रत्येक हॉर्न तिच्यावर वाजला.

पेन 'इतर'पाशी नेलं.
तिथंच थांबलं.
मग समासात, पट्टी न लावता, एक वाकडी रेघ ओढली
आणि वर लिहिलं: ढकलगाडी.
दहा वाजेपर्यंत त्यात सदतीस झाल्या.
केळीवाला, इस्त्रीवाली, उसाचा चरक,
पाण्याचे जार, आणि आमच्यासारख्या.

फॉर्म वरून ठरून येतो गं, मॅडम म्हणाल्या.
मग समासातला एकतीसचा आकडा वाचला.
हे कुणाचं?
एका बाईचं, मी म्हणाले.
एवढं सगळं मोजता आलं
आणि आई म्हणायला जीभ वळली नाही.
मॅडमनी कागद फाडला नाही.
घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढे काय केलं, माहीत नाही.

रात्री डायस प्लॉटात, वहीच्या पाठच्या पानावर
मी चौक काढला.
आई भाकरीचं पीठ लागलेलं बोट घेऊन वाकली.
हितं झाकण खचलंय.
हितं थांबलं तर पोलीस वरडतो.
हितं सावली असती, पण साडेनऊपातुरच.
पानभर पिठाचे ठिपके झाले.
मॅडमच्या नकाशात यातलं एकही नव्हतं.

लिही की, आई म्हणाली.
आन् चाकाला तेल न्हाई, ते बी लिही.

तेवढं लिहिलं नाही.
डेपोतून काडेपेटीत भरून आणलेलं
बोटभर ग्रीस होतं माझ्याकडे.