ओ

अलेंकाकडे चौदा आवाज आहेत,
कपडे धुऊन झाले की वाजायचे.
ऑफिसात सगळ्यांना नववा आवडतो:
चढत जाणारे तीन सूर,
कुणी चवड्यांवर उभं राहून सांगावं तसे, झालं हं.

वेलेन्येत, चौथ्या मजल्यावर, बोगोमीरच्या घरात
नववा वाजला.
तो बटाटे सोलत राहिला.
दहावा. अकरावा. हातातली साल तुटली नाही.
बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता,
वरचे सूर तिथेच खाली राहिले.

"मग मशीन थांबलेलं कळतं कसं?"
"नाही कळत. कपडे आंबतात.
पूर्वी मशीन तळघरात होतं. मार्ता पाइपवर पळी आपटायची,
दोनदा.
म्हणजे, टोपली उचलायला ये."

अलेंका तळघरात गेली, पळी आणि रेकॉर्डर घेऊन.
पहिला ठोका फारच लख्ख आला.
मग पाइपला ओला टॉवेल गुंडाळला.

बैठकीत पंधरावा ऐकून एक जण म्हणाला,
बिघाड झाल्यासारखं वाटतंय.
नववा पास झाला.
अलेंका भांडली नाही. तिची कॉफी गार झाली होती, तीच प्यायली.

पण एका मशीनमध्ये पंधरावा आहे.
गुरुवारी चादरी गरगरून थांबतात.
ठक्.
ठक्.
बाल्कनीतून बोगोमीर ओ देतो, "आलो गं,"
आणि चार पावलांवरच्या न्हाणीघराकडे न वळता
जिन्याचं दार उघडतो.