भरड

इग्नासचा उजवा खांदा आखडला
तेव्हा त्याने मला वर बोलावलं.
मरोळ गावठाण, दोन खोल्या, गॅलरीत
हाताने फिरवायची छोटी चक्की:
दोन रूळ, मगरीच्या पाठीसारखे खरखरीत,
वर पत्र्याचं नरसाळं, बाजूला दांडा.
शेजारी पिशवीत पाच किलो सातू,
मोड आणून, वाळवून, मंद भाजलेले.
चावून बघ, म्हणाला.
बिस्किटासारखे गोड, आणि शेवटी जिभेवर तूस.

'बियर मीच करीन. तू फक्त मोटर लाव.'

मी लेथवाला. चकाल्याच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं लोखंड सोलतोय.
म्हटलं, त्यात काय, अर्ध्या दिवसाचं काम.

नागदेवी स्ट्रीटवरून दोन बेअरिंगं आणली, एक कपलिंग,
मोटर कुर्ल्याच्या भंगारातली, अर्ध्या अश्वशक्तीची,
मसाल्याच्या डंकावरची असावी,
तापली की अजून मिरचीचा वास सोडायची.
सरळ जोडली. बटण दाबलं.
मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे.
निम्मे सातू उडाले ते थेट खाली
आमच्याच वाळत घातलेल्या चादरींवर.
(ही दोन दिवस बोलली नाही.)
उरलेल्यांचं पीठ.

इग्नासने चिमूट उचलली, बोटांत चोळली.
'हे दळलंस तू. मला भरडून हवंय.'

शब्द ठाऊक होता मला,
घरी डाळ भरडायचे, दळायचे नाहीत.
पण हाताखाली कधी आला नव्हता.
दाणा फुटला पाहिजे, आतलं पिठूळ मोकळं झालं पाहिजे,
आणि साल शाबूत.
त्या सालींचाच मग पातेल्याच्या तळाशी थर बसतो,
त्यातून गोड पाणी झिरपतं.
पीठ केलंस तर लगदा होतो,
रात्रभर बसून राहा, थेंब उतरत नाही.

मग दोन इंची पुली मोटरवर, बारा इंची चक्कीवर,
मध्ये पट्टा. मोठीचं भोक मीच पाडलं,
केसभर तिरकं गेलं, पुन्हा पाडलं.
दोनशे चाळीस फेरे. दाणे आता खाली पडू लागले,
पळून जायचे थांबले.
बैठकीला जुन्या दाराची फळी कापली,
तर बादली खाली मावेना, म्हणून चार इंच उंचावली.
तर सगळा डोलारा थरथरत गॅलरीभर चालायला लागला.
शेवटी माझ्या जुन्या स्लिपरांचे तळवे कापून
चारी पायांखाली ठोकले. उभी राहिली.

राहिली रुळांमधली फट.
मी फीलर गेज काढला, म्हटलं, एक पूर्णांक एक मिलिमीटर.
इग्नासने पाकिटातून एक कार्ड काढलं,
लायब्ररीचं, फिलोमिनाचं, मुदत संपलेलं,
दुमडून रुळांत सरकवलं.
'अडलं पाहिजे, फाटता कामा नये.
ती असंच मापायची.'
मी स्क्रू पिळत गेलो. कार्ड अडलं.
नंतर, तो आत गेल्यावर, हळूच गेज घालून पाहिला:
एक पूर्णांक एक.

दांडा उरला. फेकू का, विचारलं,
तर कॅलेंडरच्या खिळ्याला त्याने तो टांगला.

परवा शनिवारी छतातून मोटरची घरघर येत होती,
मध्येच लाइट गेली. सगळं गप्प.
मग क्रर्र, थांबा, क्रर्र,
डाव्या हाताने फिरवत असणार.
मी वर गेलो. पट्टा उतरवून ठेवला होता.
दांडा घेतला त्याच्याकडून.
तो अंधारात ओतत होता, मी फिरवत होतो,
'एवढी घाई काय,' तो म्हणाला, 'तुझा हात चौदाशे चाळीसचा आहे.'

लाइट आली तेव्हा दीडेक किलो बाकी होते.
इग्नासने पट्टा चढवला, बटण दाबलं,
खांदा चोळत स्टुलावर बसला.
'मोटर बरी रे,' म्हणाला.
गॅलरीभर मिरचीचा वास.