अजून पिकला नाही

चिंचोळीच्या पॅकहाऊसात माझं काम एवढंच:
पट्ट्यावरून डाळिंब येतं, काळ्या पेटीत शिरतं,
आत एक दिवा त्याच्या सालीवर टेकतो,
अर्धा दिसणारा, अर्धा न दिसणारा,
आणि पलीकडे जेवढा उजेड पोचतो
त्याची रेघ माझ्या पडद्यावर चढते, उतरते.
गोडी सोळा. दाणे ठीक. फळ उजवीकडे.
रेघ मध्येच खचली, म्हणजे आत काळं पडलंय.
बाहेरून कितीही लालभडक असो,
फळ डावीकडे.

डावीकडच्या ढिगाशी नरसव्वा गुर्रम बसते.
तीस वर्षं टॉवेल तपासले तिनं
काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाईट लावून:
सुटलेला ताणा, विरलेला बाणा,
तेलाचा ठिपका, मुंगीच्या डोक्याएवढा.
कारखान्याला कुलूप लागलं
तेव्हा डोळे तेवढे घेऊन इकडं आली.

मशीन म्हणतं वाईट, ती म्हणते थांब.
पेरानं टकटक करते, कानाशी नेते.
"हे बोलायलंय की रे अजून."
आणि फळ माझ्याकडं मागं सरकवते.
कापलं, तर कधी तिचं खरं,
कधी आत नुसती राख.
साहेबांनी एकदा वही घेऊन हिशेब ठेवला:
वीस फळांत ती सहादा चुकली, मशीन दोनदा.
ती तेलुगूत मोजत होती शेजारी, ओकटी, रेंडू, मूडू,
आकडा तिचाही तोच आला.
"बरोबर हाय," म्हणाली. "त्याचे डोळे नवे हायत."

मंगळवारी तिला दवाखान्यात मीच नेलं, गाडीवर.
सात रस्त्याच्या सिग्नलला मागून विचारलं तिनं,
"लाल हाय का हिरवा?"
आणि मला एकदम ढीग आठवला,
तिच्या हातातून गेलेली सगळी फळं.

खोलीत अंधार. हनुवटी टेकवायला पट्टी.
डॉक्टरीणबाईंनी उजेडाची एक उभी चीर
तिच्या बुबुळावर धरली.
पडद्यावर तिचा डोळा उमटला, ताटाएवढा,
आत तपकिरी धुकं.
मी सवयीनं रेघ शोधत होतो.
सापडली असती, तर काय केलं असतं
ते मला माहीत नाही.

"मोतीबिंदू आहे," बाई म्हणाल्या,
"पण अजून पिकला नाही. दिवाळीनंतर या."

नरसव्वा इतकी हसली
की हनुवटी पट्टीवरून सुटली
आणि उजेड घसरून तिच्या कानातल्या फुलीवर गेला.
"ऐकलास का रे? मी कच्ची निघाले!"

बाहेर गाड्यावर डाळिंबं होती, आमच्याकडून गेलेली नव्हेत.
तिनं एक उचललं, उन्हासमोर धरलं.
डाळिंबाच्या आरपार दिसत नाही काही,
हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?
तरी धरलं.
"गोडी किती?" मला विचारलं.
म्हटलं, मशीन नाही इथं.
"मग खा की."

गुडघ्यावर आपटून फोडलं तिनं.
गोड होतं. किती, ते सांगता येणार नाही.

शर्टावर उडालेला डाग मला धुतल्यावर गेला वाटला.
परवा कामावर तिनंच बोट ठेवलं त्याच्यावर,
खिडकीकडं पाठ करून उभा होतो तेव्हा.
"हितं," म्हणाली.
मला अजून दिसलेला नाही.