काटा नसलेल्या सुरमईचा पंचनामा

आषाढातला मंगळवार, सकाळी साडेदहा.
देवगड, मासळी बाजार, ओटा क्रमांक नऊ.
बंदीचे दिवस, होड्या वर ओढून
झावळांखाली झाकलेल्या.
बाजारात सुक्या बांगड्यांचा ढीग,
आणि एका स्टीलच्या डब्यात बर्फावर
ती.

ती म्हणजे सुरमई. इथंच पेन अडलं.
मासा लिहू, मांस लिहू, की माल?
कायद्यात शब्द आहे 'संवर्धित पेशीजन्य खाद्य',
पण गळक्या पत्र्याखाली उभं राहून
एवढा लांब शब्द कोरडा राहत नाही.

वजन : सात किलो दोनशे.
डोकं : नाही. शेपूट : नाही.
खवले, कल्ले, पोटातली घाण : निरंक.
पकडल्याचं ठिकाण : टाकी क्रमांक दोन,
आंब्याच्या बंद कॅनिंगची शेड, जामसंडे.

विक्रेती : शर्वाणी जयवंत कोयंडे, वय एकोणतीस.
सांगते, बाबांनी आणलेल्या शेवटच्या सुरमईच्या
पाठीतून तिनं तांदळाएवढा तुकडा काढून घेतला.
उरलेलीचं तिखलं झालं, शेजारी वाटी गेली.
तुकडा मात्र थांबलाच नाही.
त्याच वर्षी बाबांनी होडी विकली.
हे सगळं ती भांडल्याशिवाय सांगते
आणि मी लिहितो,
'खुलासा समाधानकारक नाही.'

पंच क्रमांक एक, हमीदा सोलकर, सुकी मासळी.
तुकडा दाबून बघते, बोटाचा खड्डा भरून येतो.
मग सवयीनं तिचं बोट कल्ला उचलायला जातं
आणि हवेतच राहतं.
"जो मेलोच नाय," ती म्हणते,
"तो जगलो खंय?"
याला रकाना नाही.

पंच क्रमांक दोन, लवू सारंग,
बर्फाच्या कारखान्याचा वॉचमन.
"दोन म्हयने दर्यात जावचा नाय, ता आमका पटता.
मासळेक गाभोळी असता.
पण ह्येका गाभोळी खंय, साहेब?
ही बंदी कोणासाठी?"

मी कलम वाचून दाखवलं.
त्यात समुद्र हा शब्द एकदाही येत नाही.
थंडीत ते मंजूर झालं त्या संध्याकाळी
पर्ससीनवाले आणि पोल्ट्रीवाले एकाच मांडवात बसले होते,
आयुष्यात मासळी न शिवलेल्यांनी पेढे वाटले होते.
एवढे लोक खूश, म्हणजे
कोणीतरी कोणालातरी वाचवलं असणार.

बंदी विक्रीला आहे. खाण्याला नाही.
ओट्याखालच्या बोक्याला तर मुळीच नाही,
त्यानं वजन करण्याआधीच एक फाक लांबवली.
तोच बोका सुक्या बांगड्यांकडे
सकाळपासून फिरकला नव्हता.
हे मी नोंदवलेलं नाही.

विल्हेवाट : फिनेल ओतून, पुरून.
खड्डा सुरूच्या बनात, भरतीरेषेच्या वर.
पोरगी म्हणाली, दर्यात सोडूया ना,
निदान कुर्ल्या तरी खातील.
मी नियम बघितला. दर्यात सोडणं म्हणजे प्रदूषण.
फिनेल नाही.

मग शेडवर गेलो. टाकीला लाख लावली,
दोरा बांधला, सही केली.
मोटार आत घुमतच होती.
"वीज तोडायचा आदेश आहे?"
नव्हता. विक्री थांबवायचा होता.
"मग ती वाढत राहील," शर्वाणी म्हणाली,
तक्रार म्हणून नव्हे,
दूध उतू जाईल असं सांगावं तशी.

घरी आलो. खारा बांगडा भाजल्याचा धूर.
मोरीत हात धुतले.
जप्तीच्या मासळीचा वास तीन-तीन दिवस
नखांतून जात नाही, मुलगी जवळ येत नाही.
आज लिंबाची फोड चोळायच्या आधीच
हात नाकाशी नेले.
साबण.
तरी पुन्हा धुतले.