परतीचा बाण

रुस्तावीत रात्रीचे नऊ. रेडिएटर गार.
समोर सव्वीस वह्या, लाल पेन संपत आलेलं.
खिडकीबाहेर खतकारखान्याची चिमणी
धूर सोडतेय, रोजच्याइतकाच.

दारेजानच्या वहीत उत्तर: चौतीस ग्रॅम.
अठ्ठावीस नायट्रोजन, सहा हायड्रोजन,
बेरीज चौतीस, खाली दोन ठाम रेघा.
ताळा जमतो. एकही अणू हरवलेला नाही.
पण मधे बाण एकच,
डावीकडून उजवीकडे,
शाळा सुटल्यावर पोरं पळतात तसा.

समासात लिहिलं: रीत बरोबर, उत्तर चूक.
मग पेन अडलं.
रीत तरी बरोबर होती का?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तक्ता मांडला.
सुरुवात, बदल, समतोल.
एक मोल, तीन मोल, शून्य.
वजा क्ष, वजा तीन क्ष, अधिक दोन क्ष.
क्ष धरा शून्य दशांश दोन,
म्हणजे अमोनिया शून्य दशांश चार मोल,
सतराने गुणा: सहा पूर्णांक आठ ग्रॅम.
"बास?" ओतारने तोंड केलं
आळणी रस्सा पुढ्यात आल्यासारखं.
"बाकीचं गेलं कुठे?"
कुठेच नाही रे. भांड्यातच आहे.
जितका बनतो तितकाच मोडतो, दर क्षणी,
आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं,
सगळं थांबलंय.

दारेजान वर्गात हात वर करत नाही.
घंटा झाल्यावर टेबलाशी आली.
"परतीचा बाण केव्हापासून काढायचा, बाई?"
पहिल्याच रेणूपासून, मी म्हटलं.
एक जरी बनला, की मोडायची वाट उघडते.
ती "हं" म्हणाली.
दप्तराचा पट्टा उगीच घट्ट केला.

तिची आई इटलीत, बारीला. सहा वर्षं.
कुणा म्हातारीचे पाय चोळते, गोळ्या मोजून देते.
दर दुसऱ्या शनिवारी बाजारामागे मिनीबस लागते:
खोक्यात साबण, ऑलिव्हचं तेल,
आणि एक स्वेटर, बाह्या आखूड.
(पोर किती वाढली याचा हिशेब
तिथून चुकतोच.)
परतीच्या बसमध्ये मावशी चढवते
अक्रोड, आलुबुखारची पोळी,
मिठाच्या पाण्यातलं चीज, झाकण तीनदा बांधून.
ड्रायव्हर काटा लटकवून वजन करतो,
इकडचंही, तिकडचंही.

आमच्या जिन्यात चौथ्या मजल्यावरची लिया गेली,
त्याच महिन्यात मार्लेना परत आली
गुडघे बिघडवून.
माणसं मोजाल तर तेवढीच.
आणि फोन? तो लोखंडाचा चुरा.
दोन्हीकडची घाई वाढवतो,
तोल तसूभर हलवत नाही.

यातलं मी तिला काही बोलले नाही.
अभ्यासक्रमात आहे ते इतकंच:
दाब वाढवा, तोल सरकतो.
बनलेलं काढून नेत राहा,
भांडं आणखी बनवत राहतं.
वीस वर्षं हे वाक्य सांगतेय.
काल पहिल्यांदा
सांगताना बाकांकडे बघितलं.
मागची रांग निम्मी रिकामी,
पुढच्या रांगेत दोन नवी पोरं, आठवीतून आलेली,
पेन्सिलींना टोक करत.

आज वही परत आली.
उत्तर सहा पूर्णांक आठ.
बाणाखाली दुसरा बाण, उलट दिशेचा,
पेन्सिलीने, पहिल्यापेक्षा आखूड.
खोडून पुन्हा काढल्याची खूण आहे,
आधी तो लांब होता.

लाल पेन त्याला लावलं नाही.
अर्धा मार्क मात्र कापला:
ग्रॅम लिहायला विसरली.